प्लेट लावूनही घोरणं परत सुरू झालंय? स्क्रू फिरवण्याआधी हे बघा

"ह्यांना प्लेट दिली तेव्हा चार-पाच महिने घरात सगळे शांत झोपले. आता परत पहिल्यासारखं सुरू झालंय." फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार वर्षभर येते, पावसाळ्यात जरा जास्तच. बोलणारी बहुतेक वेळा बायको असते, कारण घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. नवरा शेजारी झोपेत खालचा जबडा पुढे धरणाऱ्या त्या प्लेटची डबी आणि जबडा मागेपुढे करायच्या स्क्रूची चावी घेऊन बसलेला असतो आणि त्याचा प्रश्न एकच असतो: अजून किती फेरे देऊ? काहींनी येण्याआधीच आपल्या मनाने फेरे दिलेले असतात. अशा वेळी घोरणं तसंच राहतं आणि वर जबडा दुखायला लागतो.

माझं सांगणं असं की चावी आधी बाजूला ठेवा. घोरणं परत येण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यात "जबडा अजून पुढे न्यायला हवा" हे कारण सगळ्यात शेवटी तपासायचं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्लेट चालते की नाही याचा निकाल घोरण्याच्या आवाजावर लावायचा नसतो. तो प्लेट तोंडात घालून केलेल्या स्लीप स्टडीवर, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन रात्रभर मोजणाऱ्या तपासणीवर लावायचा असतो.

हे सगळं दाताच्या डॉक्टरने तुमच्या दातांचं माप घेऊन बनवलेल्या, वर-खाली दोन भाग असलेल्या आणि मागेपुढे करता येणाऱ्या प्लेटबद्दल आहे. गरम पाण्यात मऊ करून चावायची जी तयार प्लेट ऑनलाइन मिळते, तिच्याबद्दल नाही. ती दातांवर नीट धरून बसत नाही, जबडा किती पुढे गेला हे मोजताही येत नाही. हरवलेल्या प्लेटच्या बदल्यात ती मागवू नका.

प्लेट काम कशी करते

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद आहे त्यांची जीभ आणि मऊ टाळू मागे जाऊन ती वाट बंद होते. श्वास किमान १० सेकंद थांबला की तो एक ॲप्निया. पूर्ण थांबणं आणि अर्धवट अडणं मिळून तासाला सरासरी किती वेळा होतं, तो आकडा म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या हाडाला आतून, हनुवटीच्या मागे चिकटलेला असतो. प्लेट खालचा जबडा पुढे धरून ठेवते, त्याच्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशाच्या बाजूच्या भिंतीही ताणल्या जाऊन वाट रुंदावते. मोठ्या माणसाला खालचा जबडा मागून पुढे साधारण १० मिलिमीटर सरकवता येतो. कोणाला थोडा कमी, कोणाला जास्त. सुरुवात आम्ही या अंतराच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत कुठेतरी करतो आणि मग स्क्रूने हळूहळू पुढे जातो. स्क्रूची एक पायरी मॉडेलप्रमाणे एक दशांश ते पाव मिलिमीटर एवढीच असते.

म्हणजे सगळा उपचार पाच-सात मिलिमीटरचा आहे. त्यातला एखाददुसरा मिलिमीटर ढिल्या प्लेटने किंवा उघड्या पडणाऱ्या तोंडाने खाल्ला, तर रिपोर्टवर लगेच फरक दिसतो. म्हणून तो मिलिमीटर कुठे जातोय ते आधी शोधायचं.

परत आलंय ते नेमकं काय?

घोरणं, श्वास थांबणं आणि दिवसाची झोप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही एकदम परत येतीलच असं नाही. कोणतं परत आलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

माशेलच्या एका वहिनींनी मोबाइलवर नवऱ्याचं झोपेतलं रेकॉर्डिंग करून आणलं होतं. आम्ही तिघांनी मिळून ते ऐकलं. आधी जोरात घोरणं, मग एकदम काहीच नाही. बाहेरच्या बेडकांचा आवाज तेवढा येत राहिला. वहिनी टेबलावर बोटाने सेकंद मोजत होत्या, वीसच्या पुढे गेल्या. मग धाप लागल्यासारखा एक मोठा श्वास, कूस बदलल्याचा आवाज आणि परत घोरणं. ते गृहस्थ हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना वाटत होतं की मधली शांतता म्हणजे प्लेट चालल्याची खूण.

तसं रेकॉर्डिंग तुम्हीही करा. फोन उशाजवळ ठेवून पूर्ण रात्रीचं करता आलं तर उत्तम, निदान झोप लागल्यानंतरचा एक तास आणि पहाटेचा एक तास मिळवा. पहाटेचा मुद्दाम सांगते, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात. पहिली झोप शांत आणि पहाटे गोंधळ हे चित्र फार जणांत दिसतं. सोबत एवढं लिहून ठेवा: त्या रात्री पाठीवर झोपलात की कुशीवर, नाक चोंदलं होतं का, काही प्यायलात का, आणि सकाळी प्लेट तोंडात होती की उशीवर.

दिवसाच्या झोपेसाठी एपवर्थची प्रश्नावली भरा. मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी पडल्यावर, गाडी सिग्नलला थांबलेली असताना वगैरे. प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये लिहायची, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर गोष्ट गंभीरपणे घ्यायची. प्लेट मिळण्याआधी भरलेला कागद असेल तर तो शेजारी ठेवून बघा.

प्लेट अजून मापात आहे का?

पहिली तपासणी घरच्या घरी होते. वरची प्लेट बोटांनी दाबून बसवा. दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने "टक्" होऊन बसायला हवी. मग एका बाजूच्या दाढांवर बोटाने दाबा. दुसरी बाजू उचलली जाते का? प्लेट डुगडुगते का? खालच्या प्लेटचंही तसंच करा. जिभेने ढकलून प्लेट निघत असेल तर ती रात्री जबडा धरून ठेवू शकत नाही.

प्लेट ढिली पडण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण उष्णता आहे. माझा एक पेशंट टॅक्सी चालवतो. सीझनमध्ये मोपा विमानतळाच्या रात्रीच्या फेऱ्या करतो आणि दोन फेऱ्यांमध्ये गाडीतच झोप काढतो. तिथेही न विसरता प्लेट लावतो, याचं मला फार कौतुक आहे. पण सकाळी काढलेली प्लेट डबीत घालून तो डॅशबोर्डवर ठेवायचा. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान सत्तर अंशांच्या पुढे जाऊ शकतं. त्याची खालची प्लेट मी हातात घेतली तेव्हा नुसतं बघून काही कळत नव्हतं. दाताच्या साच्यावर बसवली, तर उजवीकडच्या शेवटच्या दाढेपाशी नखाची कड आत जाईल एवढी फट. तेवढी फट म्हणजे ती बाजू रात्रभर उचलली जाणार, आणि पुढे नेलेला जबडा त्या बाजूने मागे घसरणार. तो स्क्रू फिरवत बसला असता तर चांगली बाजू आणखी ताणली गेली असती, बिघडलेली तशीच राहिली असती. आता प्लेट घरीच धुऊन ठेवतो, आणि गाडीत न्यायची झालीच तर पाण्याच्या बाटलीच्या थंड पिशवीत.

गरम पाण्याने धुणं हाही त्यातलाच प्रकार. स्वच्छ होईल म्हणून उकळतं पाणी ओतणारी मंडळी आहेत. ॲक्रिलिक त्याने वाकतं आणि आतून मऊ अस्तर असेल तर तेही सुटतं. साधं पाणी, मऊ ब्रश आणि भांड्यांच्या सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब एवढं रोज पुरतं. टूथपेस्ट नको, तिने बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. पांढरा कडक थर साचला असेल तर सुरीने खरवडू नका, दवाखान्यात आणा, मशीनमध्ये निघतो. पावसाळ्यात ओली प्लेट बंद डबीत ठेवली की वास मारते. आधी पुसून वाऱ्यावर कोरडी होऊ द्या, मग डबी लावा. उघड्यावर मात्र ठेवू नका. घरात कुत्रा असेल तर नक्कीच नाही. लाळेच्या वासाने कुत्री प्लेट शोधून काढतात आणि चावून टाकतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

दुसरं कारण दातांत असतं. मधल्या काळात कॅप बसवली, मोठं फिलिंग केलं, दाढ काढली, तर जुन्या दातांच्या मापाची प्लेट नव्या दातांवर बसणार नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे दाताचं काम करून घेणार असाल तर प्लेट सोबत न्या आणि कॅप पक्की करण्याआधी प्लेट घालून बघा. हिरड्यांच्या आजाराने दात हलत असतील तर तो उपचार आधी. प्लेटचा सगळा जोर दातांवर येतो, आणि हलणारे दात तो सोसत नाहीत.

तिसरं, स्क्रू आपोआप मागे येणं. काही मॉडेलमध्ये महिनोन्महिन्यांच्या वापराने स्क्रू थोडाथोडा सैल होतो. दोन्ही बाजूंच्या खुणा मोजा. शेवटच्या भेटीत जेवढ्या लिहून दिल्या होत्या तेवढ्याच आहेत का? डावी-उजवी सारखी आहे का? फरक असेल तर तो दवाखान्यात दुरुस्त करून घ्या.

आणि प्लेटचं वय. रात्री दात खाण्याची सवय असेल तर प्लेट झिजते, बारीक तडे जातात. नीट जपलेली प्लेट ३ ते ५ वर्षे चालते असं धरा. त्यापुढे ती ढिली वाटली तर दुरुस्तीपेक्षा नवं माप घेतलेलं बरं.

तोंड उघडं पडतंय, कारण नाक बंद आहे

पावसाळ्यात ही तक्रार का वाढते त्याचं उत्तर इथे आहे, आणि या एका मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

खालचा जबडा एका सांध्यावर फिरतो. तोंड उघडलं की हनुवटी नुसती खाली जात नाही, खाली आणि मागे जाते. प्लेटने पाच मिलिमीटर पुढे नेलेला जबडा झोपेत तोंड उघडं पडल्यावर त्यातला बराच भाग परत देऊन टाकतो. प्लेट दातांवर घट्ट असते, स्क्रू बरोबर असतो, तरी घोरणं चालू. सकाळी घसा आणि जीभ कोरडी ठणठणीत असेल आणि उशी लाळेने ओली असेल तर हेच होतंय असं समजा.

तोंड उघडं का पडतं? बहुतेक वेळा नाक बंद असतं म्हणून. आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या घरांच्या भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, गाद्या-उशा महिनोन्महिने उन्हात टाकता येत नाहीत. ज्यांना ॲलर्जीची सर्दी आहे त्यांचं नाक या दिवसांत रात्री मोकळं राहत नाही. नाकातून हवा जायला जास्त अडथळा असलेल्या लोकांत प्लेटचा गुण कमी येतो, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे.

यावर उपाय सोपे आहेत, पण ते रोज करावे लागतात. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं किंवा विहिरीचं थेट नको. उशीच्या खोळी गरम पाण्यात धुवा आणि बिछाना ओल धरलेल्या भिंतीपासून दूर सरकवा. नाक मोकळं करणारे औषधाच्या दुकानातले थेंब आठवडेच्या आठवडे घालू नका, त्यांची सवय लागून नाक उलट जास्त चोंदतं. ॲलर्जीसाठी रोज वापरायचे स्प्रे वेगळे असतात, ते ईएनटी डॉक्टर लिहून देतात. नाकाचं हाड वाकडं आहे का, आत गाठ आहे का हेही तेच बघतील. नाक मोकळं झाल्यावर कित्येकांना स्क्रूला हात लावावाच लागत नाही.

नाक चांगलं असूनही तोंड उघडत असेल तर प्लेटला लावायचे बारीक रबर असतात. वरच्या आणि खालच्या प्लेटच्या हुकांत अडकवले की तोंड मिटलेलं राहायला मदत होते. ज्यांना आधीपासून रबर दिलेत त्यांनी ते शेवटचे कधी बदलले ते आठवा. ताण गेलेलं रबर दिसायला जागेवरच असतं, पण काम करत नाही. सगळ्याच प्लेटना हुक नसतात. नसतील तर बसवता येतात का ते विचारा. तोंडाला पट्टी चिकटवण्याचे व्हिडिओ बघून कृपा करून तसं काही करू नका, नाक बंद असताना तर मुळीच नाही.

प्लेट तीच, पण माणूस बदलला

पाठीवर झोपल्यावर जीभ आपल्याच वजनाने मागे पडते. बऱ्याच पेशंटांचा पाठीवरचा एएचआय कुशीवरच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. जुन्या रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेले असतात, पण कोणी ते वाचत नाही. वाचा. तुमचं तसं असेल तर कंबरदुखीमुळे, हात मोडल्यामुळे किंवा खांदा दुखतोय म्हणून तुम्ही मधल्या काळात पाठीवर झोपायला लागलात का ते बघा. पाठीमागे लोड लावून कुशीवर झोपण्याची सवय प्लेटच्या जोडीने चांगली मदत करते.

वजनाबद्दल बोलायला लोकांना आवडत नाही, पण बोलायला हवं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून झालेला एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वजन १० टक्के वाढलं तर एएचआय सुमारे ३२ टक्के वाढतो आणि १० टक्के उतरलं तर सुमारे २६ टक्के उतरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे प्लेट घेतली तेव्हा ८० किलो असलेला माणूस ८८ वर गेला असेल, तर ती प्लेट आता वेगळ्या आजाराशी झगडते आहे. काट्यावर उभे राहा आणि तो आकडा फाइलमध्ये लिहा.

दारू जिभेचा स्नायू सैल करते आणि मेंदूची जाग येण्याची क्षमताही कमी करते. लग्नसराई, चवथीनंतरच्या गाठीभेटी, नाताळ, कार्निव्हल: ज्या रात्री पेला झाला त्याच रात्री घोरणं असेल तर प्लेटमध्ये दोष शोधू नका. झोपेच्या गोळ्या आणि काही वेदनाशामक औषधांचंही तसंच आहे. ती मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना "मला स्लीप ॲप्निया आहे" हे वाक्य सांगा. कित्येकांनी ते सांगितलेलंच नसतं.

बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर ॲप्निया वाढतो. थायरॉइड कमी असेल तरीही वाढतो. बायकांचं घोरणं घरात कोणी मनावर घेत नाही, त्यांचा थकवा कामाच्या खात्यात जमा होतो आणि प्लेट चालत नाही हे उशिरा कळतं. त्यामुळे आईचा, सासूचा, बायकोचा आवाजही रेकॉर्ड करा.

रात्रभर तोंडात राहते का?

हा प्रश्न रागावून विचारायचा नाही. प्लेट सकाळी उशीवर सापडत असेल तर माणूस झोपेत ती काढतो आहे, आणि झोपेत काढण्याला कारण असतं. कुठे टोचतंय, एखादा दात दाबला जातोय, जबडा फार पुढे आहे, किंवा लाळ अनावर होतेय. टोचण्याची जागा आरशात लाल दिसते, ती पाच मिनिटांत घासून देता येते. लाळ पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांनाच जास्त सुटते आणि मग कमी होते. पण जबड्याचा सांधा, कानाच्या पुढचा, सकाळी दुखत असेल आणि दुपारपर्यंत तो ताण जात नसेल, तर जबडा पुढे नव्हे, थोडा मागे घ्यावा लागतो. एक-दोन पायऱ्या मागे येऊन रात्रभर राहणारी प्लेट, पुढे ताणलेल्या आणि मध्यरात्री काढलेल्या प्लेटपेक्षा जास्त काम करते.

काहीजण प्लेट घालायचं टाळतात ते चावा, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, बिघडेल या भीतीने. सकाळी प्लेट काढल्यावर दाढा टेकत नाहीत, पुढचे दात एकमेकांवर आपटतात. रात्रभर पुढे धरलेल्या जबड्याला मागे यायला वेळ लागतो, साधारण अर्धा ते एक तास. त्यासाठी सोबत एक छोटी सकाळची पट्टी देतात, ती चावून धरायची आणि जबड्याचे व्यायाम करायचे. ही पट्टी महिन्याभरात कुठेतरी खणात पडते, पेशंटही ती विसरतात. नाश्त्याआधी ती लावा. मग वहीच्या कागदाची बारीक पट्टी शेवटच्या दाढांमध्ये धरून चावा आणि ओढून बघा. दोन्ही बाजूंना कागद अडकला की चावा परत आला. दुपारपर्यंत कागद सुटून येत असेल आणि असं रोज होत असेल तर दाखवायला या. वर्षानुवर्षांच्या वापराने दात थोडे सरकतात, हे खरं आहे आणि प्लेट देतानाच सांगायला हवं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण मोजत राहायला हवं. चाव्याच्या भीतीने प्लेट परस्पर सोडणं मात्र धोक्याचं आहे, कारण श्वास थांबणं त्याच रात्रीपासून परत येतं.

आता चावी घ्या

वरचं सगळं बघून झालं, प्लेट घट्ट आहे, नाक मोकळं आहे, प्लेट रात्रभर राहते, तरीही रेकॉर्डिंगमध्ये श्वास अडतोय. मग स्क्रू. तुमच्या डॉक्टरशी बोलून, दोन्ही बाजू अगदी सारख्या, एका वेळी एकच पायरी, आणि त्या पायरीवर निदान काही रात्री मुक्काम. तारीख आणि खुणेचा आकडा लिहून ठेवा. सांधा दुखला तर एक पायरी मागे. पुढे जाऊन जाऊन एक जागा अशी येते की तिच्यापुढे गुण वाढत नाही, फक्त दुखणं वाढतं. ती जागा प्रत्येकाची वेगळी असते.

आणि मग ती तपासणी, जिच्यासाठी लोक सगळ्यात जास्त कंटाळा करतात. प्लेट तोंडात घालून स्लीप स्टडी. घरी करायच्या तपासणीत बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर, नाकाशी बारीक नळी आणि छातीला पट्टा एवढंच असतं, एक रात्र जाते. समजा पहिल्या रिपोर्टमध्ये एएचआय २८ होता, प्लेटनंतर घोरणं पूर्ण गेलं, घरचे खूश आहेत, पण प्लेट घालून केलेल्या तपासणीत तो १७ निघाला. आवाज गेला तरी आजार मध्यम स्वरूपाचाच राहिला. रक्तदाब, हृदयाची लय, दुपारची पेंग हे सगळं त्या १७ वर चालतं, आवाजावर नाही. उलटही होतं: थोडं घोरणं परत आलेलं असतं, पण एएचआय ४ आणि ऑक्सिजन नीट. त्या माणसाला स्क्रू फिरवण्याची काहीही गरज नाही. प्लेट बसवून झाल्यावर एकदा, आणि नंतर लक्षणं परत आली, वजन बरंच बदललं किंवा नवी प्लेट घेतली तर पुन्हा, ही तपासणी करा.

तपासणीत आकडा वरच राहिला तर

प्लेट सगळ्यांना पुरत नाही. मेंदूकडूनच श्वासाचा आदेश न येण्याचा जो सेंट्रल प्रकार आहे, त्यावर तर ती चालतच नाही. तीव्र ॲप्निया असेल, झोपेत ऑक्सिजन फार उतरत असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर सीपॅप मशीनचा विचार पुन्हा करा. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवण्याची ही पद्धत दाखवली, आणि एएचआय खाली आणण्यात ती आजही प्लेटच्या पुढे आहे. प्लेटची जमेची बाजू अशी की लोक ती जास्त तास वापरतात.

दोन्हींत एकच निवडायला हवं असं नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. प्लेट घालून मशीन लावलं तर कित्येकांना कमी दाब पुरतो आणि मास्क सुसह्य होतो. आपल्या गावांत पावसाळी वाऱ्यात रात्रीची वीज गेली की मशीन बंद पडतं. सत्तरी-काणकोणकडच्या पेशंटांना मी म्हणूनच सांगते की मशीन मुख्य ठेवा आणि प्लेट त्या रात्रींसाठी तयार ठेवा. प्लेट बिघडून प्रयोगशाळेत गेली तर त्या आठवड्यांत मशीन वापरा.

ईएनटी आणि दात दोन्ही दाखवायचं असेल तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि गोवा डेंटल कॉलेज जवळजवळ आहेत, एका फेरीत दोन्हीकडे जाता येतं. कुठेही जा, हे सोबत न्या: वर-खालच्या दोन्ही प्लेट, चावी, सकाळची पट्टी, पहिला स्लीप रिपोर्ट सगळ्या पानांसकट, प्लेटनंतरचा असेल तर तोही, रेकॉर्डिंग असलेला फोन, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आणि शक्यतो शेजारी झोपणारं माणूस.

जे गाडी, ट्रक किंवा बार्ज चालवतात त्यांच्यासाठी आणखी एक. लक्षणं परत आली असतील आणि चाकावर डोळे मिटत असतील, तर प्लेट घालून केलेला रिपोर्ट हातात येईपर्यंत रात्रीची ड्युटी बदलून मागा. मालकाला दाखवायला चिठ्ठी हवी असेल तर डॉक्टरांकडे मागा, ती देणं आमचं काम आहे.